संशयावर संसार चालतो का?

सत्याचा शोध घेणाऱ्या माणसांचे सेक्स्टस एम्पिरिकस तीन वर्ग करतो. पहिल्या वर्गाला वाटते, सत्य आपल्या हाती लागले. दुसऱ्याला वाटते, ते कुणाच्याच हाती कधी लागणार नाही. तिसरा अजून शोधतो आहे. ‘पिऱ्होवादाची रूपरेषा’ या ग्रंथाची सुरुवातच या वर्गवारीने होते आणि संशयवादी हे नाव सेक्स्टस फक्त तिसऱ्या वर्गासाठी राखतो. ‘काहीच कळू शकत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा त्याच्या लेखी संशयवादी नव्हेच. तोही निकाल देऊन मोकळा झालेला माणूस. ‘आपला कशावरच विश्वास नाही’ असे आज मिरवणारे बहुतेक जण या हिशेबाने दुसऱ्या वर्गात जातात.

ग्रीक संशयवादाच्या शाखा दोन. एकीचा मूळपुरुष एलिस गावचा पिऱ्हो (इ.स.पू. सुमारे ३६० ते २७०). त्याने स्वतः काही लिहिले नाही. जे कळते ते तिमॉन या शिष्याच्या काव्याच्या तुकड्यांतून आणि पुढच्या चरित्रकारांकडून. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो अ‍ॅनॅक्सार्कस या तत्त्ववेत्त्यासोबत हिंदुस्थानात आला आणि इथल्या दिगंबर साधूंना भेटला, असे डायोजिनीस लेर्शस नोंदवतो. राजदरबारी हुजरेगिरी करणारा माणूस दुसऱ्याला भले काय शिकवणार, असे एका भारतीयाने अ‍ॅनॅक्सार्कसला सुनावले. ते ऐकून पिऱ्हो जगापासून दूर राहू लागला, ही कथाही तिथलीच. पिऱ्होचा संशय बौद्धांकडून किंवा इतर श्रमणांकडून आला, असे मांडणारे अभ्यासक आहेत. पुरावा तुटपुंजा आहे, आणि निदान या विषयात तरी तुटपुंज्या पुराव्यावर निकाल न दिलेलाच बरा.

दुसरी शाखा प्लेटोच्या अकादमीत फुटली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्केसिलॉसने आणि दुसऱ्या शतकात कार्निआडीझने (२१४ ते १२९) अकादमीचे व्यासपीठ निश्चित ज्ञान शक्य मानणाऱ्या स्टोइक पंथाच्या विरोधात वापरले. पिऱ्होच्या शाखेला इ.स.पू. पहिल्या शतकात एनेसिडेमसने नवा जीव दिला, आणि त्या परंपरेचा हाती आलेला सर्वांत सविस्तर लेखक म्हणजे सेक्स्टस, बहुधा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, व्यवसायाने वैद्य.

या वादाचे साहजिक रूप संवादाचे. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये ‘अकॅडेमिका’ लिहिला तेव्हा निश्चयाची बाजू लुकुल्लसच्या तोंडी घातली आणि संशयाची स्वतः घेतली. पुढे तीच रीत ठेवली आहे. निश्चयवाद्याच्या हाती मुख्यतः स्टोइकांची शस्त्रे आहेत; संशयवादी दोन्ही शाखांचे बोलतो, आणि त्या शाखांचे आपसांत नेहमी जुळत नाही, हे मधूनमधून उघडे पडते. काळ आणि उदाहरणे मात्र आजची.

निश्चयवादी: कशाचाच निकाल लावायचा नाही म्हणता, मग सकाळी उठून गॅस पेटवता तो कशाच्या भरवशावर? पातेल्यात दूध आहे, चुना कालवलेलं पाणी नाही, हे तुम्ही मानताच ना?

संशयवादी: मला ते दूध दिसतं, दुधाचा वास येतो, मी चहा टाकतो. मध गोड लागतो हे सेक्स्टसही नाकारत नाही. मध मुळातच गोड आहे का, या प्रश्नावर वाद आहे आणि तो मी मिटवलेला नाही, एवढंच तो म्हणतो. चहा करायला तो वाद मिटवावा लागत नाही.

निश्चयवादी: ही शब्दांची कसरत झाली. ‘दूध दिसतं’ आणि ‘दूध आहे’ यांत चहाच्या दृष्टीनं फरक काय?

संशयवादी: चहाच्या दृष्टीनं काहीच नाही. फरक पडतो तो पुढे. गायीचं दूध सात्त्विक आणि म्हशीचं तामसी, असं कुणी ठासून सांगू लागलं की तिथे दिसण्यापलीकडचा निकाल आला. मी थांबतो तो तिथे.

संशयवाद्याला जगताच येणार नाही, हा आक्षेप पिऱ्होइतकाच जुना आहे. त्याच्या आधारासाठी प्राचीन लेखकांनी पिऱ्होच्याच गोष्टी सांगितल्या. समोरून गाडी येवो, कडा लागो, कुत्रा अंगावर येवो, तो वाटेतून हटत नसे आणि बरोबरचे मित्र त्याला वाचवत, असे कॅरिस्टसचा अँटिगोनस सांगतो. एनेसिडेमसने ते पुढे खोडून काढले: पिऱ्हो निर्णय राखून ठेवत असे तो तत्त्वचर्चेत, रोजच्या व्यवहारात तो बेफिकीर नव्हता. एनेसिडेमसचे म्हणणे जास्त पटते, कारण पिऱ्हो नव्वदीपर्यंत जगला, असेही डायोजिनीस लेर्शसने लिहिलेल्या चरित्रात आहे. कड्याची पर्वा न करणाऱ्याला एवढे आयुष्य मिळायला मित्रमंडळी फारच तत्पर लागतील. शिवाय तो सुईण असलेल्या बहिणीसोबत राहून कोंबड्या, डुकरे बाजारात विकायला नेत असे आणि गावाने त्याला मुख्य पुरोहित केले होते. हे संसारातून उठलेल्या माणसाचे वर्णन वाटत नाही.

सेक्स्टसने या आक्षेपाला रीतसर उत्तर दिले. संशयवादी चार गोष्टींच्या आधाराने जगतो: निसर्गाने दिलेली इंद्रिये आणि विचारशक्ती, भूक-तहानेसारख्या ओढी, गावाचे कायदे आणि रूढी, आणि शिकलेली कला किंवा धंदा. यांतल्या एकीलाही ‘हे अंतिम सत्य आहे’ अशी मोहोर लागत नाही. चौथी गोष्ट अनेकदा नजरेआड होते, पण सेक्स्टस वैद्य होता हे लक्षात घेतले तर तिचे वजन कळते. अमुक औषधाने असा ताप उतरताना दिसला आहे, म्हणून ते द्यायचे. ताप कोणत्या अदृश्य कारणाने चढला याचा सिद्धांत मात्र हाती आहे असे म्हणायचे नाही.

ही चौकट कुठवर जाते, यावर आधुनिक अभ्यासकांत सरळ दोन तट आहेत. मिखाएल फ्रेडे यांनी १९७९ मध्ये मांडले की संशयवादी फक्त तत्त्ववेत्त्यांच्या सिद्धांतांवर निर्णय राखतो, साध्या रोजच्या समजुती त्यालाही असतात. माइल्स बर्न्यिट यांनी १९८० मध्ये उलट बाजू घेतली: सेक्स्टसचा खरा आग्रह कोणतीही समजूत न ठेवण्याचा आहे, आणि तसे कुणाला जगता येणार नाही. जोनाथन बार्न्स यांनी १९८२ मध्ये या दोन वाचनांना शहरी आणि गावंढळ अशी नावे दिली. गावंढळ पिऱ्होवादी हा टोमणा मुळात गेलेन या वैद्याचा. ग्रंथात दोन्हींना आधार सापडतो. रोजच्या आयुष्याच्या कामाचे आहे ते शहरी वाचन, आणि पुढचा संवाद मुख्यतः त्याच्यावर उभा आहे.

निश्चयवादी: मग मुद्द्याचं बोलू. काही गोष्टी इतक्या स्वच्छ दिसतात की त्या खोट्या असूच शकत नाहीत. स्टोइकांचा मूळपुरुष झीनो हे हातानं दाखवायचा. उघडा पंजा म्हणजे नुसतं दिसणं, बोटं थोडी मिटली की संमती, मूठ वळली की पक्कं आकलन, आणि त्या मुठीवर दुसऱ्या हाताची घट्ट पकड म्हणजे ज्ञान. सगळा व्यवहार त्या मुठीवर चालतो.

संशयवादी: मूठ वळते हे खरं. पण आत काय सापडलं ते मूठ सांगत नाही. झीनोचाच वारसा सांगणाऱ्या स्फीरससमोर टॉलेमी राजानं मेणाची डाळिंबं ठेवली. स्फीरस फसला. राजा हसून म्हणाला, तुम्ही खोट्याला संमती दिलीत की! तेव्हा स्फीरस काय म्हणाला आठवतं?

निश्चयवादी: आठवतं. ‘ही डाळिंबं आहेत’ याला मी संमती दिली नाही, ‘ही डाळिंबं असावीत असं मानणं वाजवी आहे’ याला दिली.

संशयवादी: म्हणजे अडचणीत सापडल्यावर स्टोइकसुद्धा आमच्या ओसरीवर येऊन बसला.

अकादमीचा युक्तिवाद असा. कितीही स्वच्छ दिसणारे चित्र घेतले तरी त्याच्याशी हुबेहूब जुळणारे खोटे चित्र संभवते: जुळी भावंडे, दोन अंडी, एकाच शिक्क्याचे मेणावर उठलेले अनेक ठसे. सवयीने फरक कळतो, असे निश्चयवाद्यांचे उत्तर होते. कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे, हे डेलॉस बेटावरचे लोक नुसते पाहून सांगत, असा दाखला लुकुल्लस देतो. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की सरावाने नजर तयार होते. तयार नजरेलाही चकवील असे चित्र असू शकत नाही, हे त्यातून निघत नाही.

हा वाद आज गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत आला आहे. ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करतो आणि मोबाइलचा पडदा दुकानदारापुढे धरतो: हिरवी खूण, रक्कम, तारीख, वेळ. स्टोइक ज्याला स्वच्छ चित्र म्हणेल ते हेच. पण अगदी असाच पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅपे निघाली आणि तेव्हापासून नुसता पडदा पाहून डाळ-तांदळाची पिशवी देणे दुकानदाराला परवडेनासे झाले. तो गल्ल्याजवळच्या साउंडबॉक्सची वाट पाहतो. मोठी रक्कम असली आणि दुपारच्या गर्दीत आवाज नीट ऐकू आला नसला, तर स्वतःच्या मोबाइलवर बँकेचा संदेश बघतो. हजारोंचा माल उचलणारे गिऱ्हाईक अनोळखी असेल, तर खाते उघडून जमा झालेली रक्कमच पाहतो. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यासाठी यातले काहीही करत नाही.

कार्निआडीझने बावीसशे वर्षांपूर्वी याच पायऱ्या सांगितल्या. काही चित्रे पटण्याजोगी असतात. काही पटण्याजोगी असून आजूबाजूच्या कुठल्याच गोष्टीशी विसंगत नसतात. आणि काही याशिवाय बारकाईने तपासूनही झालेली असतात. किरकोळ बाबतीत एक साक्षीदार पुरतो, महत्त्वाच्या बाबतीत अनेक लागतात, आणि फारच मोठ्या बाबतीत त्या साक्षीदारांची एकमेकांशी ताडणी करावी लागते. किती तपासायचे हे काय पणाला लागले आहे आणि वेळ किती आहे यावर ठरते. शत्रू पाठीशी लागला असताना समोरच्या खंदकातही शत्रू दबा धरून बसले आहेत असे वाटले, तर माणूस तपासत बसत नाही, दुसऱ्या वाटेने पळतो. आणि ते बरोबरच आहे, असे कार्निआडीझचे म्हणणे.

तपासाचे त्याचे उदाहरण मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. अंधाऱ्या खोलीत माणूस शिरतो, वेटोळे दिसते, साप समजून तो उडी मारून पलीकडे जातो. मग वळून पाहतो. वेटोळे हलत नाही, तेव्हा साप नसावा असे वाटू लागते. पण थंडीच्या दिवसांत साप गारठून निपचित पडतात, हेही आठवते. म्हणून तो काठीने डिवचून पाहतो. तरीही हालचाल नाही, तेव्हा कुठे तो साप नाही हे मानतो. अद्वैत वेदान्तात शंकराचार्यांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत चालत आलेला दोरी-सापाचा दृष्टांत तो हाच, पण दोन्हीकडे त्याचे काम वेगळे. वेदान्तात दिवा येतो. दोरी दिसताच सापाचा भ्रम कायमचा मावळतो, आणि खरे काय याबद्दल शंका उरत नाही. कार्निआडीझच्या खोलीत दिवा नाही. काठी आहे, आणि काठीने मिळते ते पुरेसे तपासलेले मत, त्याहून जास्त काही नाही. त्या मताच्या आधारावर माणूस खोलीत झोपू शकतो.

निश्चयवादी: पण ही तर आमचीच पद्धत झाली! तपासून खात्री करणं कुणी नाकारलं?

संशयवादी: खात्री हा शब्द सोडा, पद्धत तुमची म्हणा हवी तर. समजा, एखादा आजार हजारात एकाला असतो. चाचणी आजारी माणसाला कधी सोडत नाही, पण निरोग्यांपैकीही पाच टक्के लोकांना पॉझिटिव्ह दाखवते. हजार जणांची तपासणी केली. पॉझिटिव्ह किती?

निश्चयवादी: एक खरा रुग्ण, आणि निरोग्यांपैकी पन्नासेक. म्हणजे एक्कावन्न.

संशयवादी: त्यातला आजारी एकच. रिपोर्ट हातात पडलेल्याला आजार असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. आणि त्याची मूठ मात्र पहिल्या कागदावरच वळलेली असते.

निश्चयवादी: चाचणी वाईट आहे, ज्ञान अशक्य नाही.

संशयवादी: अशक्य आहे असं मी म्हटलंच नाही. दुसरी चाचणी करा म्हणतोय.

प्रयोगशाळांचा व्यवहार याच वळणाचा आहे. लक्षणे नसलेल्या माणसात एचआयव्हीचे निदान करताना भारतातल्या शासकीय केंद्रांत एका पॉझिटिव्ह निकालावर थांबत नाहीत. वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्यांनंतर निदान होते. या व्यवस्थेला कार्निआडीझचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण संशयाने माणसाचे हातपाय गळतात, या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर ग्रंथांत सापडत नाही. सिसेरोही जहाजाचे उदाहरण देतो: चांगले जहाज, कसबी सुकाणूवाला, शांत समुद्र आणि पुतेओलीपर्यंतचे तीस स्टेडियांचे, म्हणजे पाच-सहा किलोमीटरचे अंतर. सुखरूप पोहोचू याचे ज्ञान शहाण्याजवळ नसते. तरी तो जहाजात पाय ठेवतोच.

पिऱ्होच्या शाखेने याहून मोठे आश्वासन दिले होते, मनःशांतीचे. सेक्स्टस सांगतो, सुरुवातीला संशयवादीही सत्य शोधून शांत व्हायलाच निघाला होता. पण प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीचे युक्तिवाद मिळाले, निर्णय थांबला, आणि शांती आपोआप मागून आली. अपेलीस हा चित्रकार घोड्याच्या तोंडाचा फेस रंगवता येईना म्हणून चिडला, त्याने ब्रश पुसायचा स्पंज चित्रावर फेकला आणि फेस उमटला, तशी. वेदना, थंडी, तहान संशयवाद्यालाही होतात, हे सेक्स्टस मान्य करतो. पण सामान्य माणसाला त्रास दोनदा होतो: एकदा वेदनेचा, आणि पुन्हा ‘हे मुळातच वाईट आहे’ या निकालाचा. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण कळ सोसतो आणि शेजारी उभा असलेला पाहुणा भोवळ येऊन पडतो, असे त्याचे निरीक्षण आहे. पाहुण्याच्या अंगाला सुरीचा स्पर्शही झालेला नसतो.

निश्चयवादी: रुग्णालयाचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. बायोप्सी झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे. त्या दिवसांत निर्णय राखून ठेवलेलाच असतो, दुसरं करता काय? मग शांती का येत नाही? उलट, ‘काय तो एकदाचा निकाल लागू दे’ असं घरातला प्रत्येक जण म्हणतो.

संशयवादी: त्यांनी निर्णय राखलेला नसतो. मनात कॅन्सर ठरलेला असतो, फक्त शिक्का यायचा असतो.

निश्चयवादी: काहींच्या मनात ठरलेला असेल. पण ज्यांना खरंच काही ठरवता येत नाही, तेच जास्त तळमळतात. आणि रिपोर्ट वाईट आला तरी ‘आता पुढचं तरी कळलं’ म्हणून थोडे सावरतात. निश्चय तिथे औषध ठरतो. तुमच्याकडे त्याला उत्तर नाही.

संशयवादी: पिऱ्होवर एकदा कुत्रा धावून आला आणि तो दचकला. लोक हसले तेव्हा तो म्हणाला की अंगातून माणूसपण पुरतं काढून टाकणं अवघड आहे. तेवढंच मीही म्हणेन.

हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. दोन बाजूंचे वजन सारखे झाले की मन स्थिरावते, हे सेक्स्टस आपल्याला तसे दिसले म्हणून सांगतो. ते सर्वांनाच दिसेल याची हमी तो स्वतःच्या नियमानेही देऊ शकत नाही. सुरी आणि पाहुण्याचे निरीक्षण खरे आहे. नातेवाइकांची निम्मी भीती अर्ध्याकच्च्या निकालांतून, शेजाऱ्यांच्या हकिकतींतून आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचलेल्या लेखांतून येते, आणि तेवढी संशयाने कमी होऊ शकते. उरलेली होत नाही. कार्निआडीझच्या शाखेने मनःशांतीला ध्येय म्हणून मिरवले नाही, हे तिच्या पथ्यावर पडले.

निश्चयवादी: आता सर्वांत गंभीर गोष्ट. तुमची दोन्ही बाजू सारख्या करण्याची कला वाईट हातांत गेली की काय होतं? सिगारेटनं कॅन्सर होतो हे पुढे आल्यावर अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलं होतं की आपला माल म्हणजे शंका. लोकांच्या मनात शंका राहिली की झालं.

संशयवादी: ते संशयवादी नव्हते. त्यांना सिगारेट विकायची होती. निकाल आधीच ठरलेला होता. वजन सारखं आढळणं वेगळं आणि तराजूला खालून बोट लावणं वेगळं.

निश्चयवादी: पण बोट लावायची परवानगी तुमच्याच ग्रंथात आहे. एखाद्या युक्तिवादाला उत्तर सुचलं नाही तर सेक्स्टस काय म्हणतो? हा सिद्धांत मांडणारा जन्मायच्या आधीही सिद्धांत होताच, फक्त दिसला नव्हता. तसं याचं उत्तरही कुठेतरी असेल, फक्त अजून दिसलं नाही. म्हणून आत्ता संमती देऊ नये. हे वाक्य सिगारेट कंपनीच्या वकिलानं जसंच्या तसं वापरलं असतं!

संशयवादी: वापरलं असतं, हे कबूल.

निश्चयवादी: आणि संशयवादी दयाळूपणानं समोरच्याच्या हट्टाचा आजार पाहून हलके-भारी युक्तिवाद वापरतो, असंही तो लिहितो. म्हणजे युक्तिवाद कच्चा आहे हे माहीत असूनही वापरायचा!

संशयवादी: औषधाच्या मात्रेसारखा. पण तिथे मी सेक्स्टसच्या बाजूनं उभा राहणार नाही. त्याच्याच वैद्यकीतून उत्तर देतो. तो चिन्हांचे दोन प्रकार करतो. धूर पाहून अग्नी आठवतो, व्रण पाहून जखम आठवते, कारण दोन्ही आपण वारंवार एकत्र पाहिलेली असतात. ही चिन्हं संशयवादी स्वीकारतो. न दिसणाऱ्या गोष्टीची, जसं घामावरून त्वचेतल्या अदृश्य रंध्रांची, खूण म्हणून सांगितलेली चिन्हं तो स्वीकारत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कितीतरी पट जास्त दिसतो, हे पहिल्या प्रकारचं आहे. पेशीत नेमकं काय घडतं हे न कळताही सिगारेट सोडता येते.

धूर आणि अग्नी हे भारतीय न्यायशास्त्राचेही लाडके उदाहरण. तिथे धुरावरून डोंगरावरच्या अग्नीचे निश्चित ज्ञान होते. सेक्स्टसला तेवढे नको आहे. त्याला आठवण पुरते. त्वचेतली रंध्रे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, हे त्याच्या विरोधात जाते खरे: तो ज्याला कायमचे अदृश्य म्हणत होता ते साधन बदलताच दृश्य झाले. पण प्रस्तुत मुद्दा वेगळा आहे. ‘उत्तर पुढे कधीतरी सापडेल’ हा युक्तिवाद आणि अनुभवाने आठवण देणारी खूण, ही दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. पहिला रोजच्या आयुष्यात टाकून द्यावा आणि दुसरी ठेवावी, यातच शहाणपणा आहे. कारण पहिला कशालाही लागू पडतो. लसीला, हवामानबदलाला, पृथ्वीच्या गोलपणालाही. जो युक्तिवाद कुठल्याही मताविरुद्ध सारखाच चालतो, तो कुठल्याच मताबद्दल काही सांगत नाही.

घरगुती वादांत संशयवाद्याची हत्यारे अधिक निरुपद्रवी आहेत. अग्रिप्पा या संशयवाद्याच्या नावावर पाच हत्यारे सांगितली जातात. त्यांतली तीन सोसायटीच्या वार्षिक सभेत हमखास भेटतात. कारणाला कारण मागत गेले की शेवट येत नाही. मध्येच ‘हे असंच आहे’ म्हणून पाय रोवला जातो. किंवा जे सिद्ध करायचे त्याचाच आधार घेतला जातो. पूर्वेला तोंड असलेला फ्लॅट चांगला का, तर वास्तुशास्त्र सांगते. वास्तुशास्त्र खरे का, तर त्याप्रमाणे घेतलेले फ्लॅट चांगले निघतात. या वर्तुळावर बोट ठेवायला मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. संशयवादी फक्त ते सवयीने करतो, आणि स्वतःच्या मतांवरही करतो. दुसरे अवघड आहे.

निश्चयवादी: एक प्रश्न राहिला. तुमच्या चार आधारांत रूढी आहे. गावात जे चालतं ते पाळायचं. मग गावातली विहीर काहींना बंद असेल तर? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो निर्णय राखून नाही. हे अन्याय्य आहे, असा निकाल देऊनच काढला.

संशयवादी: रूढी पाळायची म्हणजे ती बरोबर आहे असं मानायचं नाही.

निश्चयवादी: विहिरीवर अडवलेल्या माणसाला त्यानं काय फरक पडतो? जुलमी राजानं भलतंसलतं करायला सांगितलं तर संशयवादी काय करील, या प्रश्नावर सेक्स्टसचं उत्तर काय? पूर्वजांच्या कायद्या-रूढींप्रमाणे जे मनात येईल ते निवडील. म्हणजे चांगल्या घरात वाढला असेल तर चांगलं वागेल. हे तत्त्वज्ञान नव्हे, नशीब झालं.

संशयवादी: पिऱ्होच्या शाखेपुरतं तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण रूढीला शंका विचारण्याचं बळही संशयातूनच येतं. रूढी पवित्र आहे, हाही एक निकालच. कार्निआडीझला पाहा.

इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने रोमला तीन तत्त्ववेत्त्यांचे शिष्टमंडळ पाठवले: अकादमीचा कार्निआडीझ, स्टोइक डायोजिनीस आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रिटोलाउस. ऑरोपस शहर लुटल्याबद्दल अथेन्सला ५०० टॅलंटचा दंड झाला होता, तो कमी करून घ्यायचा होता. मोकळ्या वेळात कार्निआडीझने रोमच्या तरुणांपुढे एक दिवस न्यायाच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच जोरात त्याच्या विरोधात. रोमनांना खरोखर न्यायी व्हायचे असेल तर जे जे दुसऱ्यांचे घेतले ते परत करून त्यांना झोपड्यांत राहायला जावे लागेल, असा त्या दुसऱ्या भाषणाचा आशय सांगितला जातो. साम्राज्याच्या राजधानीत हे ऐकवायला त्याला न्याय म्हणजे काय याचा अंतिम निर्णय करावा लागला नाही. काटो या म्हाताऱ्या सेनेटरला तरुणांची चिंता वाटली आणि या लोकांचे काम लवकर उरकून त्यांना घरी पाठवा, असे त्याने सेनेटला सांगितले. सेनेटने दंड १०० टॅलंटवर आणला. पाउसानिअस लिहितो की अथेन्सने तेवढाही भरला नाही.